रोप आखूड झाले, मग दाणा लांब कसा झाला? भाताची उंची आणि दाण्याचा आकार

खाचरकाठ

माझे वडील मावळात चाळीस वर्षे भात लावत आले आहेत. आंबेमोहोर सोडून त्यांनी इंद्रायणी लावायला सुरुवात केली, तेव्हा एक प्रश्न विचारला होता आणि तो मी पुढे वनस्पतींच्या आनुवंशशास्त्राचा अभ्यास करताना सतत बरोबर बाळगला. आंबेमोहोराचे रोप उंच आणि दाणा आखूड. इंद्रायणीचे रोप बुटके आणि दाणा त्याहून लांब. "रोप आखूड केले, मग दाणा लांब कसा झाला?" असे ते म्हणाले होते. रोप लहान म्हणजे त्याचे सगळेच लहान, असे आपण सहज धरून चालतो, आणि भाताच्या बाबतीत ही समजूत काही जनुकांपुरती खरी असल्यामुळे तिचा निकाल एका वाक्यात लावता येत नाही. म्हणून हा धागा.

इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिला. त्याचे आईबाप म्हणजे आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८. बुटकेपणा आयआर-८ कडून आला. आयआर-८ मध्ये तो तैवानच्या 'डी-जिओ-वू-जेन' या आखूड वाणाकडून आला होता. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी १९६२ मध्ये इंडोनेशियाच्या 'पेटा' या उंच वाणाशी त्याचा संकर केला. त्या संकरातून १३० दाणे मिळाले आणि त्यांची रोपे सगळी उंच निघाली. पुढच्या पिढीत मात्र चारातले एक रोप आखूड निघाले, म्हणजे बुटकेपणा एकाच अप्रभावी जनुकाचा होता हे तिथेच उघड झाले. हेन्री बीचेल यांनी पुढे निवड केली आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये आयआर-८ प्रसारित झाला.

त्या जनुकाला आज एसडी१ म्हणतात आणि ते पहिल्या गुणसूत्रावर आहे. ते नेमके काय करते हे २००२ मध्ये समजले. जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाच्या निर्मितीतील शेवटच्या काही पायऱ्यांपैकी एक पायरी पार पाडणारे विकर या जनुकापासून तयार होते, आणि तैवानच्या वाणात जनुकाचा, म्हणजे त्याच्या डीएनएचा, ३८३ अक्षरांचा तुकडाच गळालेला असल्यामुळे ते विकर बनत नाही. जिबरेलिन कमी पडले की पेरे लांबत नाहीत. अशा रोपावर बाहेरून जिबरेलिन फवारले तर ते उंच होते. रोपात संप्रेरकाचा तुटवडा आहे, संप्रेरक ओळखण्याची क्षमता शाबूत आहे, हे त्यावरून कळते.

आता मूळ मुद्दा. जिबरेलिन फुलोऱ्यालाही लागते, मग लोंबी आणि दाणा का खुरटत नाहीत? कारण भातात याच कामाचे दुसरे जनुकही आहे. एसडी१ चे काम प्रामुख्याने खोडात आणि पानांत चालते, आणि फुलोऱ्याच्या अवयवांत त्याचे भावंड असलेले दुसरे जनुक ती उणीव भरून काढते. त्यामुळे कांडी आखडते पण लोंबीला फारशी झळ लागत नाही. हरितक्रांतीच्या भाताचे सगळे यश या एका योगायोगावर उभे आहे असे मी मानतो. भाताला बुटके करणारी जनुके डझनांनी सापडली आहेत, पण त्यांतील बहुतेकांनी दाणाही बारका केला, म्हणून ती शेतापर्यंत पोचली नाहीत.

दाण्याच्या लांबीरुंदीचा हिशोब वेगळ्या जनुकांकडे आहे. त्याविषयी इथल्या जाणत्यांनी भर घालावी, ही विनंती.

पोटरी

दाण्याच्या आकाराबद्दल बोलताना आधी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भाताचा दाणा तुसाच्या आत वाढतो आणि तूस फुलोरा येण्याआधीच, रोप पोटरीत असतानाच, म्हणजे लोंबी अजून पानाच्या वेष्टनात असतानाच, आपल्या पूर्ण मापाला पोचलेले असते. परागीभवनानंतर तांदूळ त्या तयार खोळीत भरत जातो आणि खोळीपेक्षा मोठा होऊ शकत नाही. म्हणून दाण्याचा आकार ठरवणारी बहुतेक जनुके खरे पाहता तुसातील पेशी किती आणि केवढ्या हे ठरवणारी जनुके आहेत. खत किंवा पाऊस कमी पडला तर पळिंजाचे प्रमाण वाढते, दाणे कमी भरतात, पण भरलेल्या दाण्याची लांबीरुंदी सहसा जागची हलत नाही. आमच्या भागातील जुन्या बायका सुपातला तांदूळ नुसत्या बोटांनी ओळखत असत, त्याचे कारण मला यातच दिसते.

लांबीचे सर्वांत महत्त्वाचे जनुक जीएस३, तिसऱ्या गुणसूत्रावरचे. चीनमधील वुहानच्या कृषी विद्यापीठातील गटाने ते २००६ मध्ये शोधले. ते लांबीवर आळा घालते. त्यात एका ठिकाणी 'सी' या अक्षराच्या जागी 'ए' आले की प्रथिन मध्येच तुटते, आळा सुटतो आणि तूस लांब होते. म्हणजे लांब दाणा हा बिघडलेल्या जनुकाचा परिणाम आहे. रुंदीच्या बाबतीतही तसेच. पाचव्या गुणसूत्रावरचे जीडब्ल्यू५ शाबूत असेल तर दाणा अरुंद राहतो. त्याच्या शेजारचा तुकडा गळाला की दाणा रुंद होतो. जपानी पद्धतीच्या आखूड, गोल तांदळात जीएस३ शाबूत आणि जीडब्ल्यू५ निकामी असते, तर बासमतीत नेमके उलटे: जीएस३ निकामी, जीडब्ल्यू५ शाबूत. शिवाय बासमतीत जीडब्ल्यू८ हे आणखी एक जनुक मंद चालते, त्यामुळे दाणा अधिकच सडपातळ होतो.

जपानी तांदळाच्या पूर्वजांत रुंद दाण्याची ही निवड माणसाने शेती सुरू केल्याच्या काळातच झाली असावी, असे २००८ च्या संशोधनाने दाखवले. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी मूठभर जाड दाणे बियाण्यासाठी बाजूला ठेवले असतील, आणि आज आपण त्या निवडीला गुणसूत्रावर बोट ठेवून दाखवू शकतो, याचे मला आजही फार अप्रूप वाटते.

नागभीडची वाट

माणसाच्या हातातल्या निवडीचा विषय निघालाच आहे, तर दादाजी खोब्रागडे यांचा उल्लेख इथे झालाच पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ च्या सुमारास 'पटेल-३' या वाणाच्या शेतात त्यांना इतरांपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या दाण्यांच्या तीन लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या जपून वेगळ्या लावल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत एक बारीक दाण्याचा, चवीला चांगला वाण तयार केला. तेव्हा लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला 'एचएमटी' हे नाव मिळाले. पुढे विदर्भाबाहेरही तो मोठ्या प्रमाणावर लावला गेला. २०१८ मध्ये खोब्रागडे यांचे निधन झाले.

त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, पण पोटरी यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्या कामी आली असणार: दाण्याचा आकार हा हवामानाने सहजी न बदलणारा गुण असल्यामुळे डोळ्यांनी केलेली निवड पुढच्या पिढीत टिकते. उत्पन्नाच्या बाबतीत असे करता येत नाही, कारण एका रोपाचे उत्पन्न त्याच्या जागेवर, पाण्यावर आणि शेजारच्या रोपावर अवलंबून असते.

माझी शंका अशी आहे. आमच्याकडे बारीक दाण्याला बाजारात भाव जास्त मिळतो, तरी जाड दाण्याचा वाण एकरी जास्त पिकतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. दाणा जाड केला की उत्पन्न वाढते, असे जनुकांच्या भाषेत म्हणता येईल का?

पोटरी

अर्धे म्हणता येईल. दुसऱ्या गुणसूत्रावर जीडब्ल्यू२ हे जनुक आहे, ते २००७ मध्ये शोधले गेले. ते निकामी झाले की तुसातील पेशींची संख्या वाढते, तूस रुंद होते आणि दाण्याचे वजनही वाढते. पण रोपाने पानांत तयार केलेले अन्न मर्यादित असते, त्यामुळे दाणे मोठे झाले की बऱ्याचदा लोंबीतील दाण्यांची संख्या कमी होते किंवा दाणे पूर्ण भरत नाहीत. मोठ्या खोळीत अर्धवट भरलेल्या दाण्याच्या पोटात पांढरा, खडूसारखा डाग राहतो. असा तांदूळ गिरणीत तुटतो आणि भातही चिकट किंवा निकृष्ट होतो. आयआर-८ वर हाच आक्षेप होता. त्याचा दाणा जाड, खडूसारखा, आणि शिजलेला भात थंड झाल्यावर कडक होई. उपाशी पोटांसाठी तो वरदान होता, पण चवीसाठी मात्र लोक त्याकडे पुन्हा वळले नाहीत.

राब

खाचरकाठ, आपला लेख वाचून एक तक्रार करावीशी वाटते. बुटक्या भाताच्या कौतुकात पेंढ्याचा विचार कुणी करत नाही. आमच्याकडे रायगड जिल्ह्यात दोन बैल आणि एक म्हैस वर्षभर पेंढ्यावरच जगत. आयआर-८ च्या वंशातले वाण आले आणि पेंढा निम्म्याने कमी झाला. माझ्या आजोबांनी त्यामुळे एका खाचरात उंच जुना वाण शेवटपर्यंत ठेवला होता. उंच भात लोळतो, हे खरे, पण तो लोळतो तो युरिया दिल्यावर. शेणखतावर लावलेला उंच भात आमच्याकडे बहुतेक वर्षी उभाच असे.

खाचरकाठ

राब, आपली तक्रार रास्त आहे, आणि शास्त्रीय आकडाही आपल्याच बाजूने बोलतो. उंच वाणांत एकूण जैवभाराचा सुमारे ३० टक्के भाग दाण्यात जातो आणि बुटक्या वाणांत तो सुमारे ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. एकूण जैवभार फारसा वाढलेला नसतो. म्हणजे दाण्यात वाढलेले वजन काही प्रमाणात आपल्या बैलांच्या दावणीतून आलेले आहे. ज्या घरात गुरे आहेत त्या घराने हा हिशोब वेगळा मांडला, तर त्याला मागासलेपणा म्हणू नये.

युरियाबद्दलही आपण म्हणता ते खरे आहे. बुटकेपणाचा खरा उपयोग नत्र देता येण्यात आहे. उंच रोपाला नत्र दिले की पेरे आणखी लांबतात, लोंबी जड होते आणि वाऱ्यापावसात सगळे खाचर आडवे होते. बुटके रोप तेवढेच नत्र पचवून उभे राहते.

पण इथेच एक विरोधाभास आहे, आणि तो २०१८ च्या एका संशोधनातून स्पष्ट झाला. जिबरेलिन कमी असले की रोपात डेला नावाची प्रथिने साचतात. ही प्रथिने वाढ रोखतात. त्याचबरोबर ती जीआरएफ४ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला अडवतात, आणि जमिनीतले नत्र उचलण्याचे काम ज्या जनुकांकडे आहे त्यांना हेच जीआरएफ४ चालना देते. म्हणजे बुटके भात नत्र उचलण्यात मुळातच कमकुवत असतात, आणि म्हणून त्यांना जास्त खत द्यावे लागते. आपण खत जास्त देता यावे म्हणून रोप बुटके केले, आणि बुटके केल्यामुळे खताची गरज वाढली.

या धाग्याच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की जीआरएफ४ हेच दाणा मोठा करणारे जनुकही आहे. त्याच्यावर एका छोट्या आरएनएचा लगाम असतो. त्या जागी बदल झाला की लगाम सुटतो आणि दाणा मोठा होतो. २०१५ मध्ये ते दाण्याच्या आकाराचे जनुक म्हणून ओळखले गेले होते. तीन वर्षांनंतर कळले की तेच जनुक वाढवले तर रोप बुटकेच राहून नत्र अधिक उचलते. वडिलांच्या प्रश्नातील दोन्ही टोके या एका ठिकाणी खरोखरच एकत्र येतात.

दूरचा मावळा

मी सध्या जपानमध्ये राहतो. दोन टोके एकत्र येण्याची आणखी एक जागा आहे आणि ती जपानी आहे, म्हणून लिहितो. 'दाइकोकु' या नावाचे बुटके भात इथे जुन्या काळापासून माहीत आहेत. त्यांची रोपे ठेंगणी, पाने गडद हिरवी आणि दाणे बारके, गोल असतात. त्यामागचे जनुक डी१, आणि ते पेशीबाहेरचा निरोप आत पोचवणाऱ्या जी-प्रथिनाचा 'अल्फा' भाग तयार करते, हे १९९९ मध्ये कळले. पोटरी यांनी सांगितलेले जीएस३ हे त्याच जी-प्रथिनाचा 'गामा' भाग तयार करते. अल्फा बिघडला की रोपही आखडते आणि दाणाही. जीएस३ चा गामा बिघडला की दाणा लांबतो आणि उंचीला मात्र फारसा धक्का लागत नाही. तिसरे एक जनुक, डीइपी१, हेही गामाच आहे. ते बदलले की लोंबी ताठ आणि दाट होते आणि रोप थोडे ठेंगणे होते. ईशान्य चीनमधील अनेक वाणांत ते आहे. एकाच यंत्राचे तीन भाग आहेत, आणि प्रत्येक भाग हलवला की उंची आणि दाणा यांचे नाते वेगळेच होते.

आणखी एक, थोडे विषयांतर होईल, पण राहवत नाही. जिबरेलिनचा शोधही भाताच्या उंचीतूनच लागला. एका बुरशीमुळे रोपे अवाजवी उंच आणि फिकट होऊन मरतात. जपानी शेतकरी त्या रोगाला 'बाकानाए', म्हणजे वेडी रोपे, म्हणत. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवले की बुरशी ज्या द्रवात वाढवली, तो द्रवही रोपांना तसेच उंच करतो. त्यांचे हे काम तैवानमध्ये झाले होते. ज्या बेटावर रोपांना उंच करणारा पदार्थ सापडला, त्याच बेटावरच्या वाणाने नंतर त्या पदार्थाचा तुटवडा करून जगाला बुटका भात दिला.

राब

मग माझा सरळ प्रश्न. आंबेमोहोराचे सगळे तसेच ठेवून फक्त त्याची उंची कमी करता आली असती का? इंद्रायणी चांगलीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही, पण ती आंबेमोहोर नाही. दाणा वेगळा, वास वेगळा, भाताचा मऊपणा वेगळा.

खाचरकाठ

तत्त्वतः करता आली असती, आणि अडचण कुठे येते हे आकड्यांनी समजावून सांगतो.

उंचीचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर, दाण्याच्या लांबीचे तिसऱ्यावर, रुंदीचे पाचव्यावर आणि सुवासाचे आठव्यावर आहे. हे सुवासाचे जनुक निकामी झाले की तांदळाला वास येतो. बासमतीसह बहुतेक सुवासिक वाणांत त्यातील आठ अक्षरे गळालेली आढळतात. चार वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे हे चारही गुण एकमेकांपासून सुटे होतात, ही चांगली बातमी. समजा, आईबाप या चारही ठिकाणी वेगळे आहेत आणि मला उंची आयआर-८ ची, बाकी तिन्ही आंबेमोहोराची हवी आहेत. दुसऱ्या पिढीत प्रत्येक गुण शुद्ध रूपात मिळण्याची शक्यता एक चतुर्थांश, म्हणून चारही एकत्र मिळण्याची शक्यता २५६ मध्ये एक. हे चारच मोठे गुण झाले. मऊपणा, शिजल्यावरची चव, फुटव्यांची संख्या, पावसाळ्याच्या शेवटी निसवण्याची वेळ असे आणखी धरत गेलो तर हजारो रोपांतही मनासारखे रोप मिळत नाही. शिवाय उंची डोळ्यांना दिसते, सुवास मात्र दाणा चावून किंवा पानाची चाचणी करूनच कळतो. ऐंशीच्या दशकात मावळातील शास्त्रज्ञांनी एवढ्या सगळ्यातून इंद्रायणी काढली, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

दुसरा मार्ग म्हणजे संकरातून आलेल्या बुटक्या रोपाचा पुन्हा पुन्हा आंबेमोहोराशीच संकर करत जाणे. सहा वेळा केले की सरासरी ९९ टक्क्यांहून अधिक वारसा आंबेमोहोराचा होतो. मात्र बुटकेपणा अप्रभावी असल्यामुळे प्रत्येक पिढीत तो लपतो, आणि जनुकखूण (जनुक रोपात आहे का हे दाखवणारी डीएनएची खूण) वापरली नाही तर मध्ये मध्ये एक पिढी स्वपरागणाने वाढवून तपासावे लागते. एसडी१ च्या आजूबाजूचा आयआर-८ चा तुकडाही सोबत ओढला जातो.

तिसरा मार्ग संकराशिवायचा आहे, आणि तो प्रत्यक्ष चालला आहे. छत्तीसगडचा 'दुबराज' हा आंबेमोहोरासारखाच उंच, सुवासिक, लोळणारा वाण. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रायपूरच्या कृषी विद्यापीठाबरोबर गॅमा किरणांचा वापर करून त्याचे बुटके रूप तयार केले, आणि दाण्याचा दर्जा राखला. जपानमध्ये 'रेइमेई' आणि कॅलिफोर्नियात 'कॅलरोझ-७६' हे बुटके वाणही किरणांनीच मिळाले होते, आणि दोन्हींत बदल झालेला निघाला तो एसडी१ मध्येच. तिथे तुकडा गळाला नव्हता. एकेकच घटक बदलला होता.

पोटरी

त्यात आजच्या तंत्राची भर घालते. एसडी१ चे काम बंद पाडायचे असेल तर जनुकसंपादनाने नेमका तिथेच छेद देता येतो आणि बाकीच्या गुणसूत्रांना हात लागत नाही. परके जनुक न घालता केलेल्या अशा संपादनाला भारत सरकारने मार्च २०२२ मध्ये जनुकांतरित पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये असे दोन भात जाहीर झाले. त्यांपैकी हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा 'कमला' हा 'सांबा महसुरी' या बारीक दाण्याच्या वाणात लोंबीतील दाण्यांची संख्या ठरवणारे जनुक बदलून केलेला आहे. दाण्याचा आकार तोच ठेवून दाण्यांची संख्या वाढवणे हा त्यामागचा विचार आहे, आणि नागभीडची वाट यांच्या शंकेचे उरलेले अर्धे उत्तर त्यात आहे.

नागभीडची वाट

आभारी आहे. बियाणे कुणाच्या मालकीचे राहील, शेतकऱ्याला ते पुढच्या वर्षी ठेवता येईल का, हा प्रश्न मात्र मी वेगळ्या धाग्यात मांडीन, कारण खोब्रागडे यांच्या अनुभवाने आमच्या भागात तो फार जिव्हाळ्याचा झाला आहे.

राब

माझ्याकडे आजोबांच्या त्या उंच वाणाचे बियाणे अजून आहे. त्याची नोंद कशी करावी?

खाचरकाठ

राब, हे फार मोलाचे आहे. तूस काढलेले, न तुटलेले दहा दाणे आधी लांबीत एकापुढे एक मांडून मोजावेत, मग रुंदीत शेजारी शेजारी मांडून मोजावेत, आणि दोन्ही मापांना दहाने भागावे. लांबी ६ मिलिमीटरच्या आत असेल आणि लांबीला रुंदीने भागून २.५ पेक्षा कमी आले तर तो आखूड-जाड, आणि २.५ ते ३ आले तर मध्यम-बारीक. लांबी ६ च्या वर आणि भागाकार ३ किंवा अधिक असेल तर लांब-बारीक. रोपाची उंची कापणीच्या वेळी जमिनीपासून लोंबीच्या टोकापर्यंत, निदान दहा रोपांची घ्यावी, आणि शेणखत किती घातले तेही त्याच वहीत लिहावे. या खरिपात थोडे बियाणे वेगळ्या वाफ्यात लावून ताजे करून घ्यावे, कारण भाताचे बी साध्या कणगीत दोन-तीन वर्षांत उगवणशक्ती गमावू लागते.